ताईच्या वतीने

बेटावरून, १० मार्च

बारक्या,

सोबत एक सरकारी कागद आहे. त्यावर चहा सांडू नकोस. बेटावर मतपेटी येत नाही, म्हणून हवामान केंद्रावरच्या आम्हा लोकांना आपल्या माणसाच्या हातून मत देता येतं. माझं माणूस म्हणजे तू. दुसरं आहे कोण? मी सही केली आहे, रेडिओवाल्या काकांनी साक्षीदार म्हणून केली आहे. आता तू निवडणूक कचेरीत जाऊन तुझी कर. मतदानाच्या दिवशी तुला दोन मतं मिळतील: एक तुझं आणि एक माझ्या वतीने.

माझं मुख्याध्यापिकाबाईंना. यात विचार करण्यासारखं काही नाही. इंजिनियरसाहेबांचा पक्ष सत्तेवर आला तर बेटांवरच्या केंद्रांतली माणसं काढून तिथे आपोआप चालणारी यंत्रं बसवणार. त्यांनीच तसं छापलंय. वारा मोजायचा, पाऊस मोजायचा आणि ते आकडे रेडिओवरून किनाऱ्याला कळवायचे, एवढं यंत्राला जमेल, मी नाही म्हणत नाही. पण मग मला उचलून राजधानीतल्या कुठल्यातरी टेबलाला बांधतील. नऊ वर्षांपूर्वी आपल्या त्या एका खोलीतून मी इथे आले, तेव्हा वाटलं होतं, सहा महिन्यांत पळून येईन. आता इथली पायवाट मी डोळे मिटून उतरते. सकाळी मी आकडे घ्यायचे, काकांनी त्यांत नाक खुपसायचं, मग आम्ही भांडायचं. मला दुसरं आयुष्य नको आहे.

तुझं मत तुझं. मी त्यात बोलणार नाही. (कुणाला देशील ते मला माहीतच आहे.)

आणि पत्राच्या डोक्यावर ते सा. न. वि. वि. लिहिणं आता सोड. होडी पंधरा दिवसांनी येते. तिने नमस्कार कशाला वाहायचे? बातम्या आण म्हणावं.

ताई


खोलीवरून, २० मार्च

प्रिय ताई,

तू सांगितलंस म्हणून नमस्कार लिहिला नाही, पण मनात केला आहे.

कागद मिळाला. चहा सांडला नाही. तो वाचताना मी चहाच घेतला नाही. कचेरीत जाऊन सही केली. तिथल्या कारकुनाला विचारलं, मी आजारी पडलो तर तुझ्या मताचं काय? रस्त्यात अपघात झाला तर? त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अहो, बहिणीचं मत देताय, मूत्रपिंड नाही." मागची सगळी रांग हसली. मी पण हसलो, पण मग परत विचारलं. तो म्हणाला, आजारी पडू नका.

काम चालू आहे. मालकांनी आता मला कवळ्यांच्या शेवटच्या घासकामावर बसवलं आहे. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात, आम्ही त्यावरून दात बसवून देतो, हे तुला माहीत आहेच. प्रत्येक माणसाचे दोन साचे, वरचा आणि खालचा. ते एकमेकांत मिसळले तर माणसाला जेवता येणार नाही. माझ्या हातून आजवर एकदाही मिसळलेले नाहीत, म्हणून हे काम माझ्याकडे. समोरच्या भिंतीवर दोन्ही उमेदवारांची हसरी पोस्टरं लागली आहेत. मालक जाता-येता म्हणतात, "कुणीही येऊ दे, लोकांचे दात पडायचे थांबत नाहीत."

तुझं मत तू सांगितलंस तसंच देईन. माझं अजून ठरलेलं नाही. कामाचा ताण आहे, म्हणून असेल.

तुझा,
बारक्या

ता. क. 'मुख्याध्यापिका' हा शब्द तू बरोबर लिहिला आहेस. त्यांच्या पोस्टरवर चुकला आहे.


बेटावरून, ७ एप्रिल

बारक्या,

कामाचा ताण म्हणे! न ठरणं हा तुझा जुना आजार आहे. तुला चपला घ्यायला गेलो होतो, तेव्हा दुकानदाराने शेवटी दिवे घालवले होते आणि तू अनवाणीच परत आला होतास. आठवतं? पण या वेळी मला वेगळा वास येतोय. दोन पानांत तू इंजिनियरचं नाव एकदाही घेतलं नाहीस. माणूस ज्याचं नाव टाळतो, त्याचाच विचार करत असतो. खरं सांग, कोणी मुलगी आहे का त्या पक्षातली? पत्रकं वाटणारी? असेल तर आनंदच आहे. लग्न कर, पण तिच्यापायी माझं केंद्र बुडवू नकोस.

काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "पोराचं वय आहे, वाटू देत पत्रकं." त्यांना सगळ्यात प्रेमच दिसतं, चाळीस वर्षं रेडिओवर नुसते आवाज ऐकून झालंय तसं.

मागच्या आठवड्यात वारा फार होता. छपराचा पत्रा सुटला. मी शिडीवर, काका खालून सूचना देतायत, "उजवीकडे, उजवीकडे," आणि त्यांची उजवी म्हणजे माझी डावी. दोघंही ओरडून ओरडून दमलो आणि मग पत्रा सोडून हसतच बसलो. इथे मी कुणाची भाडेकरू नाही, कुणाच्या वाटेत नाही. तुला हे सांगायला हवं असं नाही. तू त्या खोलीत माझ्याबरोबर राहिला आहेस.

मुलीबद्दल लिही.

ताई


खोलीवरून, १५ एप्रिल

प्रिय ताई,

मुलगी नाही. म्हातारा आहे.

तुला हे आधीच लिहायला हवं होतं. मागच्या महिन्यात आमच्या दारात एक निवृत्त पहारेकरी आला. डॉक्टरांची चिठ्ठी नाही, काही नाही. तोंड सुजलेलं. मालक म्हणाले, उघडा. त्याने तोंडातून जी कवळी काढली ती मी पाहिली आणि मला कळेना, कारण ती पुरुषाच्या जबड्याची नव्हतीच. त्याच्या बायकोची होती. बायको गेली, कवळी राहिली. त्याने ती कानशीने घासघासून स्वतःला बसवली होती. हिरड्या सोलल्या होत्या. आणि तो हसत होता, ताई. म्हणाला, "जिवंत होती तेव्हा बोलून चावायची. आता नुसतीच चावते."

मालकांनी तोंड फिरवून दुसरंच काम काढलं. मी त्याची कवळी फावल्या वेळात करतो आहे. मालक बघून न बघितल्यासारखं करतात. पण हा एक आला म्हणून दिसला. जे येत नाहीत त्यांचं काय? इंजिनियरच्या पक्षाने छापलं आहे की म्हाताऱ्या माणसांना दात, चष्मे आणि कानाची यंत्रं सरकार देईल. केंद्रं बंद करण्याची ओळ ज्या पानावर आहे, त्याच पानावर, तिच्या खाली. मी ते पान इतक्यांदा वाचलं आहे की घडीवर फाटलं.

मला वाटलं, माझ्या धंद्याची भरभराट होईल म्हणून तर मला हे आवडत नाही ना? मालकांना विचारलं. ते म्हणाले, "वेडा आहेस? सरकारी काम मोठे कारखाने उचलतील. आपल्याला उरलंसुरलं." तेव्हा जरा बरं वाटलं. नुकसान होणार हे ऐकून बरं वाटणारा माणूस मीच असेन.

मग मी एक गोष्ट केली. इंजिनियरची सभा शाळेच्या हॉलमध्ये होती, तिथे गेलो आणि प्रश्न विचारायला हात वर केला. मी! मी म्हणालो, "बेटावरची केंद्रं बंद करणार म्हणता, तिथे माझी बहीण राहते." लोक हसले, कारण त्यात प्रश्नच नव्हता. पण तो हसला नाही. त्याने विचारलं, किती वर्षं? मी सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या बहिणीला खोटी आशा दाखवू नका. नोकरी राहील, जागा जाईल. मला दुसरं उत्तर माहीत नाही."

मला तो माणूस खरा वाटला.

तुझं मत बाईंनाच जाईल, त्यात तिळमात्र शंका ठेवू नकोस. पण माझं इंजिनियरला द्यावंसं वाटतं. एकाच दिवशी, एकाच खोलीत, एका कागदावर तुझं घर वाचवायचं आणि दुसऱ्यावर मोडायचं, हे मी कसं करू? तू नको म्हणालीस तर नाही देणार. एका शब्दात कळव.

तुझा,
बारक्या


खोलीवरून, २८ एप्रिल

प्रिय ताई,

होडी आली. पत्र नाही. मी धक्क्यावर जाऊन टपालाची पिशवी रिकामी होईपर्यंत उभा राहिलो. होडीवाला म्हणाला, तुझी तब्येत चांगली आहे, तू त्याच्याकडून रॉकेलचे डबे मोजून घेतलेस आणि एक गळका म्हणून परत केलास. म्हणजे रागावली आहेस. आजारी असतीस तर गळका ठेवून घेतला असतास.

मी मुख्याध्यापिकाबाईंच्या सभेलाही गेलो. एकीकडेच विचारलं असं व्हायला नको. त्यांना विचारलं, म्हाताऱ्यांच्या दातांचं काय? त्या देशाच्या भवितव्याबद्दल बराच वेळ बोलल्या. दात त्यात आले नाहीत. मी मनात म्हटलं, चला, ठरलं. पण सभा संपल्यावर त्या मंचावरून उतरून मला शोधत आल्या. म्हणाल्या, "तुम्ही दातांचं विचारलंत ना? मला उत्तर येत नव्हतं, म्हणून लांबण लावलं. कोण आहे तो म्हातारा? हिरड्यांना काय लावतोय?" आणि मग स्वतःच्या आईच्या कवळीची गोष्ट सांगितली, ती रात्री पेल्यात ठेवायची आणि मांजर त्यात तोंड घालायचं. आम्ही दोघंही हसलो.

म्हणजे आता परत ठरत नाही. एक खरं बोलतो आणि त्याला कुणाचं काही वाटतं की नाही ते कळत नाही. दुसऱ्यांना सगळ्यांचं वाटतं आणि त्यांच्याकडे उत्तर नाही.

पहारेकऱ्याची कवळी बसली. त्याने पावाचा कडक काठ मागितला आणि आमच्या बाकावर बसून तो सगळा खाल्ला. जाताना जुनी कवळी रुमालात बांधून घेऊन गेला.

ताई, एक ओळ लिही. शिवी असली तरी चालेल.

तुझा,
बारक्या


बेटावरून, ६ मे, होडी धक्क्याला उभी आहे

बारक्या,

होडीवाला शिट्ट्या मारतोय, म्हणून भरभर लिहिते. अक्षर वाईट आहे, दुरुस्त करत बसू नकोस.

हो, रागावले होते. तुझं एप्रिलचं पत्र वाचलं, ते पर्जन्यमापकाखाली दाबून ठेवलं आणि दोन दिवस काकांशी बोलले नाही. त्यांचा काय दोष? पण बेटावर दुसरं कोण आहे रागवायला? तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "पोराने निदान विचारलं तरी." मी म्हटलं, त्याचाच तर राग आलाय.

तू इंजिनियरला मत द्यावंसं वाटतं म्हणतोस, त्याने मला दुखलं, पण राग त्याचा नाही. तू लिहिलंस, 'नको म्हणालीस तर नाही देणार', त्याचा राग आला. म्हणजे मी नको म्हणायचं, आणि जन्मभर त्या पहारेकऱ्याच्या हिरड्या माझ्या डोळ्यांसमोर नाचणार. नाहीतर हो म्हणायचं, आणि स्वतःच्या हाताने स्वतःचा बिछाना गुंडाळायचा. आणि तू मोकळा! वा रे वा. चपला शेवटी मी निवडून दिल्या, शाळा सुटल्यावर हा धंदा मी शोधून दिला. हे मी करणार नाही.

मी नको म्हणत नाही. मी हो म्हणत नाही. तुला त्या पडद्यामागे एकट्यालाच जायचं आहे. मी रागावेन का? रागावेन. पण रागावले म्हणून बहीण कुठे जात नाही. आजवर किती वेळा रागावले, गेले का?

माझं मत मात्र मुख्याध्यापिकाबाईंनाच. मांजराची गोष्ट ऐकून तर नक्कीच. पहारेकऱ्याला सांग, माझ्या भावाच्या ताईला तुमचं फार वाईट वाटतं, पण तिला तिचं घर हवंय. हे वाईट दिसतं का? दिसू दे. मी काही निवडणुकीला उभी नाही.

शिट्टी परत झाली. वेळेवर झोप, जेव.

ताई


खोलीवरून, १२ मे

प्रिय ताई,

घात झाला. काल मतदान होतं. शांतपणे वाच.

तुझं पत्र मी खिशात घेऊन गेलो होतो. रांगेत उभं राहून परत परत विचार केला आणि खरंच ठरलं. बाईंची माया मला पटते, पण ती सभेतून उतरून प्रत्येक म्हाताऱ्याला शोधत जाऊ शकणार नाही. कागदावर लिहिलेली योजना जाऊ शकते. म्हणून माझं इंजिनियरला, तुझं बाईंना. कुणी विचारलं असतं तर मी मोठ्याने सांगितलं असतं, इतकं ठरलं होतं.

टेबलामागच्या कर्मचारी बाईंनी दोन मतपत्रिका दिल्या, एकावर एक, छापलेली बाजू खाली. म्हणाल्या, "वरची तुमची, खालची बहिणीची. खूण-बिण करू नका, बाद होईल." मी म्हणालो, एक-एक द्याल का? त्या म्हणाल्या, मागे बघा. मागे रांग दारापर्यंत गेली होती. मी दोन्ही घेतल्या आणि 'वरची माझी, खालची ताईची' असं मनात म्हणत पडद्यामागे गेलो. दोन्ही दिल्या तशा पालथ्याच होत्या. फळीवर ठेवून एकदम सुलट्या केल्या. मग आधी माझं उरकावं म्हणून वरची घेतली आणि इंजिनियरच्या नावापुढे शिक्का मारला. खालची घेतली, बाईंच्या नावापुढे मारला. घड्या घातल्या. दोन्ही पेटीत टाकल्या.

हात पेटीवर असतानाच माझ्या लक्षात आलं. दोन्ही एकदम सुलट्या केल्या म्हणजे वरची खाली गेली. मी शिक्का मारला ती वरची तुझी होती.

रोज वरचं आणि खालचं सांभाळतो, ताई. त्याचाच पगार घेतो.

मी तिथल्या अधिकाऱ्यांकडे गेलो आणि म्हणालो, चूक झाली, माझं मत बहिणीच्या कागदावर गेलं आणि बहिणीचं माझ्या. ते घाईने म्हणाले, "कुणाला दिलं ते बोलू नका!" मी म्हणालो, बोलत नाही, पण अदलाबदल झाली. त्यांनी विचारलं, "दोन्ही पेटीत गेली ना?" गेली. "बाद नाही ना झाली?" नाही. "मग मोजणीत काय फरक पडतो?" मी म्हणालो, मोजणीत नाही पडत, पण तिच्या नावाने भलतंच गेलं. तेवढ्यात मागून एक बाई ओरडल्या, "अहो, सरका की पुढे! तुमची दोन-दोन झाली, आमचं एकच आहे, तेही देऊ द्या!" सगळे हसले. मी बाहेर आलो आणि पायरीवर बसलो.

तुझ्या वतीने मी तुझंच घर मोडायचं मत दिलं. हिशोबात फरक नाही हे मला कळतं. पण तू माझ्यावर एक काम सोपवलं होतंस आणि तेवढंच माझ्याकडून चुकलं. काय शिक्षा करशील ती कर, फक्त या वेळी होडीबरोबर पत्र पाठव.

मोजणी बावीस तारखेला आहे.

तुझा,
बारक्या


बेटावरून, २० मे

बारक्या,

तुझं पत्र मी काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'वरची खाली गेली' इथे आल्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, मी पाठ थोपटली, आणि मग मलाच हसू आवरेना. होडीवाला वर बघायला आला, काय झालं म्हणून. त्यालाही वाचून दाखवलं. आता किनाऱ्यावर सगळ्यांना कळेल. ही तुझी शिक्षा.

हसून झाल्यावर मी एकटीच खाली धक्क्यापर्यंत चालत गेले. ठरवून रागवावं असा प्रयत्न केला. जमलं नाही. उलट बरं वाटलं, आणि का ते कळायला परत वर चढून यावं लागलं.

हे बघ. परवा मोजणी आहे. काका रात्रभर रेडिओला कान लावून बसणार आहेत, मीही बसेन. इंजिनियर आला आणि केंद्र बंद झालं, तर भावाने मला घराबाहेर काढलं असं कुणी म्हणू शकणार नाही. माझ्याच कागदावर त्याचा शिक्का आहे. मी काढलं मला. आणि त्या पहारेकऱ्यासारख्या म्हाताऱ्यांना दात मिळाले, तर ते माझ्या मताने मिळाले. तू मध्ये श्रेय घ्यायला येऊ नकोस. त्याच्याबद्दल पहिल्यांदा तुझं पत्र आलं तेव्हा तो म्हातारा तुझा होता आणि केंद्र माझं. आता तो थोडा माझाही झालाय. मी मागितला नव्हता, पण आता आहे. त्याच्या हिरड्या बऱ्या झाल्या का, ते लिही.

आणि बाई निवडून आल्या, तर केंद्र तू वाचवलंस, तुझ्या स्वतःच्या कागदाने. नऊ वर्षांत एकदाही इथे आला नाहीस, होडी लागते म्हणतोस. मग काही न खाता बस, पण ये, आणि काय वाचवलंस ते बघून जा.

नाही वाचलं तरी ये. माझं सामान बरंच आहे, आणि काका काही उचलायचे नाहीत, खाली उभे राहून नुसतं उजवीकडे-उजवीकडे करतील.

ताई